मागचे कॅप्टन

आयुष्यात मी किती अंतराळयाने उभारली, असे मला अधूनमधून एखाद्या समारंभात विचारले जाते. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक असते, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. खरे उत्तर असे आहे, की मी एकच खोली दोनदा उभारली आणि उरलेले आयुष्य ती रंगवण्यात घालवले.

वास्तुकलेचे रीतसर शिक्षण घेऊन, घाट, प्रमाण आणि प्रकाश या विषयांवर निबंध लिहून मी दूरचित्रवाणीवरच्या एका अंतराळमालिकेचा कलादिग्दर्शक झालो. यान ज्या कक्षातून चालवले जाते त्याला आमच्या धंद्यात ब्रिज म्हणतात. मधोमध कॅप्टनची खुर्ची, समोर मोठा पडदा, भोवती बटणांची टेबले आणि दिव्यांच्या भिंती. निम्मी गोष्ट याच खोलीत घडते, त्यामुळे ही खोली नसेल तर मालिका नसते. आमची खोली टायरांच्या एका जुन्या गोदामात होती. उन्हाळ्यात रबराचा वास सुटे आणि शुक्रापलीकडच्या निर्वात पोकळीत उभे असलेले नट नाकाला रुमाल लावत.

ही एकच खोली आमचे यान होती आणि तीच शत्रूचेही यान होती. आमच्या यानाचा प्रवेश संपला, की कठडे काढायचे, कॅप्टनची खुर्ची चौथऱ्यावर चढवायची, भिंतीवरची पॅनेले उलटी टांगायची, निळ्याऐवजी तांबडा प्रकाश टाकायचा आणि धूर सोडायचा. धुरामुळे शत्रूच्या संस्कृतीचे गूढ व्यक्त होते, असे एका समीक्षकाने लिहिले होते. धुरामुळे आमची जमीन ओळखू येत नसे, एवढाच त्याचा उपयोग होता. टेबलांवर कापड टाकले की तेच न्यायालय, कापड काढून पांढरा रंग मारला की इस्पितळ, छतातून वायरी लोंबवल्या की भविष्यकाळात नष्ट झालेले आपलेच यान. "दर वेळी नवीन वाटलं पाहिजे," असे मला बजावले जाई, "फक्त काही हलवायचं नाही."

हलवायचे नाही यामागे काटकसर होती, हे अर्धे कारण झाले. उरलेले अर्धे कारण भिंतीच्या मागे बसत असे.

त्याची ओळख अशी करून द्यावी लागेल. यानावरची बटणे खोटी होती. नटाने रंगीत प्लास्टिकवर बोट ठेवले तरी आपोआप काहीही होत नसे. भिंतीमागे एक अरुंद बोळ होती. तिथे लाकडी फळीवर स्विचांच्या रांगा बसवल्या होत्या आणि प्रत्येक स्विचची वायर समोरच्या एकेका दिव्याला गेलेली होती. मोठ्या पडद्याशेजारच्या फटीतून एक माणूस नटांच्या बोटांकडे पाहत बसे आणि बोट टेकले की दिवा लावी. नटांच्या यादीत जो नट कॅप्टन होता, त्याला सगळे पुढचे कॅप्टन म्हणत. हे मागचे कॅप्टन.

पूर्वी ते लिफ्ट दुरुस्त करत. गोदामातली वीज सारखी जाई म्हणून कुणीतरी त्यांना बोलावून आणले आणि ते परत गेलेच नाहीत. लिफ्टच्या धंद्याने त्यांना एक तत्त्वज्ञान दिले होते. ते ऐकून घेतल्याशिवाय त्या बोळीतून कुणाची सुटका नसे.

"बटण दाबणाऱ्याला वाटतं, लिफ्ट आपल्यामुळे वर गेली," ते म्हणत. "त्याला वाटू द्यावं. आपलं काय जातं? पण खरं सांगा विशारद, हे यान कोण चालवतं?"

विशारद म्हणजे मी. माझ्या पदवीचा त्यांनी लावलेला हा अर्थ होता आणि तो पुढे सगळ्या सेटला चिकटला.

नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. केस काळेभोर रंगवलेले, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला अत्तराचा फाया. चित्रीकरणाच्या दिवशी दाढी केल्याशिवाय ते फळीला हात लावत नसत. पुढच्या कॅप्टननी एकदा छेडले, "तुम्हाला तिथे कोण बघतंय हो?"

"तुम्हाला तरी कोण बघतं?" मागचे कॅप्टन म्हणाले. "लोक दिवे बघतात."

माझ्या प्रत्येक नव्या आराखड्यावर पहिला आक्षेप त्यांचा असे. शस्त्रांचे टेबल मला एकदा उजवीकडे न्यायचे होते. प्रकाशाच्या दृष्टीने ते तिथेच असायला हवे होते, याविषयी मी आजही ठाम आहे.

"शस्त्रं डावीकडेच राहणार," ते म्हणाले.

"का?"

"वायर पुरत नाही."

"नवीन वायर टाकू."

"टाका की. आणि माझा डावा हात काढून उजवीकडे लावा. एवढी वर्षं शस्त्रं डाव्या हाताने चालवतोय मी. लढाई चालू असताना हात चुकला, तर मरणार कोण? तुम्ही नाही मरणार, तुम्ही घरी असणार."

परिणाम असा झाला, की आमच्या विश्वातल्या प्रत्येक यानावर, मग ते माणसांचे असो, शत्रूचे असो की दगडासारख्या कातडीच्या कुठल्याशा जमातीचे, शस्त्रे डावीकडेच राहिली. चाहत्यांच्या एका मेळाव्यात एका प्राध्यापकांनी यावर व्याख्यान दिले आणि या सगळ्या जमातींचा पूर्वज एकच असावा, असा निष्कर्ष काढला. मी व्यासपीठावर बसलो होतो. पूर्वजाची वायर कमी पडत होती, हे सांगण्याची ती जागा नव्हती.

मात्र त्या माणसाची बोटे खरोखर देखणी चालत. आमच्या यानाचे दिवे बोट टेकताच लागत, तर शत्रूचे बोट टेकायच्या आत. "शत्रू उद्धट असतो," हे त्यांचे स्पष्टीकरण होते.

मग बोटांचे सांधे सुजू लागले. एका दिवसात काही घडले नाही. स्विच घट्ट झालेत, अशी तक्रार त्यांनी आधी केली, मग बोळीत उजेड कमी आहे अशी, मग चष्म्याच्या दुकानदाराची. समोर मात्र दिवे उशिरा लागायला लागले. सुकाणू सांभाळणारी एक अभिनेत्री होती, तिला आम्ही सुकाणूबाई म्हणायचो. एका प्रवेशात तिने बटण दाबले आणि दिवा लागला नाही. तिला पुढे "मार्ग निश्चित" एवढेच म्हणायचे होते, पण अंधाऱ्या बटणासमोर ते म्हणणे शोभले नसते. म्हणून तिने मान वर करून मोठ्या पडद्यावरच्या ताऱ्यांकडे पाहिले आणि सावकाश एक श्वास घेतला. दिवा लागला. ती म्हणाली, "मार्ग निश्चित." दिग्दर्शकाला ते इतके आवडले, की त्याने तिला पुढच्या प्रवेशातही तसेच करायला सांगितले.

हळूहळू सगळेच तो श्वास घेऊ लागले. ती यानाची चालच झाली. नवा नट आला आणि बटण दाबल्याबरोबर संवाद म्हणून मोकळा झाला, की पुढचे कॅप्टन त्याला बाजूला घेत.

"इथे बटण दाबल्यावर एक श्वास घ्यायचा असतो."

"का?"

"यान मोठं आहे."

वर्तमानपत्रांतून लिहून आले, की या यानावरची माणसे कृती आणि परिणाम यांच्यामध्ये थोडा विचार करतात, आणि आजच्या उतावळ्या काळात हे दुर्मीळ आहे. हे वाचून माझे कान तापले. माझ्या भिंतींविषयी त्या परीक्षणात अवाक्षर नव्हते.

खरे कारण मागच्या कॅप्टनना कुणी सांगितले नाही. याला सगळे माणुसकी म्हणत. कलादिग्दर्शकाने नटांच्या कामात बोलायचे नसते, हे मला पूर्वीच पुरेशा स्पष्टपणे ऐकवले गेले होते. मागचे कॅप्टन स्वतः तर उलटच तक्रार करत.

"हल्लीचे नट रेंगाळतात, विशारद. माझा दिवा कधीच लागलेला असतो आणि यांचं आपलं बघणं चाललेलं. पण ठीक आहे. पूर्वी नुसते घाईने बडबडायचे. आपल्या हाताखाली शिकले थोडं."

अशी वर्षे गेली. मग वाहिनीने मालिकेवर नवी निर्माती नेमली. पहिल्याच बैठकीत बाई म्हणाल्या, की प्रेक्षक तरुण झाला आहे आणि ब्रिज म्हातारा. जुनी खोली मोडायची, नवी बांधायची, खोट्या बटणांच्या जागी खऱ्या स्पर्शपट्ट्या बसवायच्या. बोट लागले की काच आपणच उजळेल. भिंतीमागे कुणी नको, स्विच नको, वायरी तर नकोतच. या दिवसाची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती, की तो उगवल्यावर आनंद कसा करतात तेच आठवेना. तरी मी मनापासून आराखडा काढला. शस्त्रे उजवीकडे नेली.

जुनी खोली मोडत होते त्या सकाळी मागचे कॅप्टन इस्त्रीच्या शर्टात आले. त्यांनी स्वतःच्या हाताने फळी उतरवली, वायरी कापून टोकांना चिकटपट्टी लावली आणि माझ्या टेबलाशी येऊन नवा आराखडा उलटसुलट करून पाहिला.

"विशारद, या भिंतीला मागची बाजू कुठाय?"

"नाही. भिंतीतच पडदे आहेत. मागे लगेच गोदामाची भिंत."

"मग मी बसणार कुठे?"

त्यांनी कागद नीट गुंडाळून मला परत दिला.

"मला पुढे जागा नको," ते म्हणाले. "बढती नको, निरोपसमारंभ नको, शाल तर मुळीच नको. मागे बसायचंय, हे यान बंद पडेपर्यंत. एवढं बघा." आणि फळी बगलेत मारून गेले.

नव्या ब्रिजवरचा पहिला दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता येणार नाही. सुकाणूबाईंनी काचेला बोट लावले. काच तत्क्षणी झळाळली. मग बाईंनी मान वर करून ताऱ्यांकडे पाहिले, सावकाश श्वास घेतला, आणि उजळून निघालेल्या काचेसमोर त्या अशा थांबल्या, जणू बेल वाजवून कुणी दार उघडण्याची वाट पाहत आहे आणि दार तर सताड उघडेच आहे. पुढच्या कॅप्टनचे तेच झाले. सगळ्या यानाचे तेच झाले.

"थांबू नका," दिग्दर्शक म्हणाला.

"थांबत नाहीये," पुढचे कॅप्टन म्हणाले आणि पुढच्या टेकला पुन्हा थांबले. श्वास अंगात मुरला होता. तो जबरदस्तीने काढला की संवाद अडखळत, खांदे ताठ होत. अनुभवी नट शाळेच्या गॅदरिंगमध्ये उभे राहिल्यासारखे दिसू लागले.

संगणक सांभाळणाऱ्या मुलीने तोडगा काढला. काच थोड्या उशिरा उजळेल, अशी तिने व्यवस्था केली. हे त्याहून वाईट दिसले, कारण तिचा उशीर दर वेळी सारखा होता आणि यान बिघडलेल्या लिफ्टसारखे वाटू लागले. मागच्या कॅप्टनचा उशीर कधीच सारखा नसे. साध्या कामाला तो जेमतेम असे. डाव्या हाताला जास्त. लढाई रंगात आली, की ते फटीतून पाहण्यात गुंगून जात आणि तेव्हा सर्वांत जास्त. नेमके तेव्हाच तो हवा असे.

दोन दिवस फुकट गेल्यावर निर्मातीबाईंनी मला बोलावले.

"त्या माणसाला बोलवा. एक दिवस बघू. पूर्वीसारखं जमलं तर पर्व संपेपर्यंत ठेवू. नाही जमलं, तर नटांना शिकवणी लावू. आणि तुमच्या भिंतीमागे जागा करा."

माझ्या आयुष्यातल्या एकमेव निर्दोष भिंतीच्या मागे पडदे पुढे सरकवून एक कपाटाएवढी खोली करण्यात आली आणि पडद्याच्या कडेला फट पाडण्यात आली. शस्त्रेही डावीकडे गेली. मी सही केली.

त्यांना काय सांगायचे, यावर खल झाला. पुढचे कॅप्टन म्हणाले, "उशिरासाठी बोलावतोय असं सांगितलंत, तर तो माणूस उंबरठा ओलांडणार नाही."

"न सांगता बोलावलं तर?" सुकाणूबाईंनी विचारले.

"तर येईल. आणि नेहमीसारखा उशीर करेल. त्यात सांगायचं काय?"

"पूर्वीसारखं करा, एवढंच सांगा," असे ठरवून निर्मातीबाई उठल्या. निरोप घेऊन जायचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

ते दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. दार वहिनींनी उघडले. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, निवृत्त परिचारिका. त्यांचा आवाज इतका शांत होता, की समोरचा माणूस आपोआप आपली दुखणी सांगू लागे. आत मागचे कॅप्टन टेबलाशी बसले होते. पुढ्यात ती फळी. शेजारी गरम पाण्याचे भांडे आणि एक रबरी चेंडू.

"या विशारद. पडली ना भिंत?"

"भिंत उभी आहे. तुम्हाला बोलावलंय. एक दिवस चाचणी आहे. जमलं तर पूर्ण पर्व."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. कशामुळे काढलं ते काय मला कळत नाही होय? बोटं. माझा दिवा कधी चुकला नाही, तरी सुजलेली बोटं बघून मला म्हातारा ठरवलंत. कुणी तोंडावर बोललं नाही, पण लिफ्टवाल्याला आवाजावरून कळतं. बरं, आता बघा."

त्यांची लेक हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवत असे. काम सुटल्यापासून तिने वडिलांकडून सकाळ-संध्याकाळ बोटांचे व्यायाम करून घेतले होते. गरम पाणी, चेंडू, पुन्हा गरम पाणी. त्यांनी फळीवर हात ठेवला. "सांगा कुठलंही."

"सुकाणू," मी म्हणालो. शब्द संपायच्या आत स्विच पडला होता.

"ढाल. शस्त्रं. संदेश."

खट, खट, खट. वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे दिवा लागला नाही, पण बोटे तरुण झाली होती.

"काय म्हणता?" त्यांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला घाम फुटला.

"छान. पण कॅप्टन, पूर्वीसारखंच करा. इतकी घाई नको."

"म्हणजे काय? पूर्वी मी सावकाश होतो का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी म्हणालो, "नाही, तसं नाही. नेहमीसारखं."

"नेहमीसारखंच. त्याहून चांगलं झालं तर तक्रार करू नका म्हणजे झालं."

वहिनी मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या.

"तुम्हा लोकांना उशीरच हवाय ना?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी मालिका बघते, भाऊजी. दिवा लागेपर्यंत ती बाई ताऱ्यांकडे बघायची, तेव्हा मला कळायचं, यांचा हात दुखतोय हल्ली. रोज संध्याकाळी पाणी तापवून ठेवायची. तुम्ही सगळ्यांनी मिळून जपलंत त्यांना. चांगलं केलंत की वाईट, मला नाही सांगता येणार. पण आता कुणीतरी बोला. माझ्याकडून ऐकणार नाहीत. म्हणतील, तुला यानातलं काय कळतं."

चाचणीच्या दिवशी ते आले तेव्हा अत्तराचा वास कपाटाएवढ्या खोलीत मावत नव्हता. फळी नव्या काचांना जोडली गेली. फटीतून पाहून त्यांनी मला खूण केली, की सर्व ठीक. प्रवेश साधा होता: यान वादळात शिरते आणि सुकाणू वळवायचे असते.

सुकाणूबाईंनी बोट लावले. दिवा लागला, काच आपोआप उजळायची त्याहूनही तत्परतेने. बाईंनी श्वास घेतला आणि त्या श्वासाचे करायचे काय, ते त्यांना समजेना. पुढच्या टेकला तेच. त्यापुढच्या टेकला मागचे कॅप्टन इतके रंगात आले, की बोट टेकण्याआधीच दिवा लागला.

"तो शत्रूचा दिवा झाला," कुणीतरी पुटपुटले.

निर्मातीबाई खुर्चीतून उठल्या. "हे तर संगणक करतच होता," त्या मला म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण त्यांची बाजू खोटी नव्हती, हे मला मान्य करावे लागते. "अजून एक टेक. मग बंद."

कपाटातून आवाज आला, "कसं झालं?"

पुढचे कॅप्टन बुटांकडे पाहू लागले. एवढ्या वर्षांत ज्यांनी शेकडो ग्रहांवर शिष्टाई केली, त्यांना भिंतीपलीकडच्या माणसाशी एक वाक्य बोलता येईना. सुकाणूबाई आपल्या टेबलावरून उठल्या, भिंतीला वळसा घालून गेल्या आणि कपाटाच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे होतो.

"काका, एक सांगायचंय. राग आला तर आला."

"बोल की."

"तुमचा दिवा उशिरा लागायचा. बऱ्याच वर्षांपासून. आम्ही त्यासाठी थांबायचो. आता तो लवकर लागतोय आणि आम्हाला थांबायची सवय झालीय."

"मी उशीर करायचो?"

"हो."

"आणि तुम्ही सगळे थांबायचात."

"हो."

"मी तर म्हणत होतो, तुम्ही रेंगाळता." ते माझ्याकडे वळले. "विशारद, तुम्हीही ऐकून घेतलंत?"

त्यांनी हात मांडीवर घेतले आणि बोटे उघडमीट करून पाहिली. लेकीने शिकवल्याप्रमाणे ती झरझर मिटत होती.

"मग आता काय, मुद्दाम उशीर करू?"

"माहीत नाही, काका," सुकाणूबाई म्हणाल्या. "मला एवढंच माहीत आहे, की तो दिवा येईपर्यंत मला खरंच वाटायचं, मार्ग सापडतो की नाही कुणास ठाऊक. काचेसमोर तसं वाटत नाही."

त्या परत जाऊन बसल्या. दिग्दर्शकाने सुरुवात केली. सुकाणूबाईंनी बोट लावले, मान वर केली. दिवा लागला नाही. त्यांनी श्वास घेतला. दिवा लागला नाही. मी कपाटाच्या दारातून पाहत होतो. मागचे कॅप्टन फटीला डोळा लावून बसले होते, हात स्विचवर होता, आणि समोरची माणसे आपल्यासाठी कशी थांबतात, हे ते प्रथमच पाहत होते. पुढच्या कॅप्टनचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला होता. मागच्या टेबलावरच्या नव्या मुलीने ओठ चावला. ते एकेका चेहऱ्यावर जात होते. मग स्विच पडला.

"मार्ग निश्चित," सुकाणूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज किंचित कापला.

निर्मातीबाईंनी टाळ्या वाजवल्या. पर्व संपेपर्यंत मागच्या कॅप्टनची नेमणूक झाली. पुढच्या कॅप्टननी त्यांना मिठी मारली आणि सगळ्यांनी हुश्श केले. सांगितल्यामुळे काही बिघडले नाही, उलट चांगलेच झाले, असा निर्वाळा चहाच्या वेळी देण्यात आला. ज्यांनी तो दिला, त्यांतल्या कुणीही सांगायचे काम केले नव्हते, हे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आता मागचे कॅप्टन रोज येतात. त्यांना हवी होती ती जागा त्यांना मिळाली आहे. केस रंगवणे त्यांनी सोडले आहे. तो वयाचा भाग असेल. पण प्रत्येक टेकनंतर ते दारातून डोके बाहेर काढून विचारतात, "जमलं का?" पूर्वी हा प्रश्न नट त्यांना विचारत. यान कोण चालवते, याविषयी ते काही बोलत नाहीत. नव्या माणसाने विचारलेच, तर म्हणतात, "सगळे मिळून."

परवा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघेच कपाटात बसलो होतो. मी विचारले, "कसं काय चाललंय?"

"आयुष्यभर नटांना हसलो, विशारद," ते म्हणाले. "आता मीच नट झालो. म्हाताऱ्याचं काम मिळालंय. हात दुखणाऱ्या म्हाताऱ्याचं."

"आणि हात?"

"लेक म्हणते, व्यायाम सोडू नका."

"करता का?"

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. तेवढ्यात दिग्दर्शकाची हाक आली. त्यांनी कप खाली ठेवला, फटीशी सरकून बसले. समोर सुकाणूबाईंनी काचेवर बोट टेकले आणि मान वर केली. मीही उगाच श्वास रोखून उभा राहिलो. दिवा लागला तो नेहमीसारखाच, नको तितका आणि हवा तितका उशिरा. तो उशीर बोटांचा होता की त्यांनी केलेला, हे दोन हातांच्या अंतरावर उभे राहूनही मला सांगता आले नाही. निर्मातीबाईंना त्यात रस नाही. आणि मागच्या कॅप्टनना विचारण्याची हिंमत आता सुकाणूबाईंनाही होत नाही.